पाचारण : कोल्हापुरात जन्मलेल्या एका तरुणाची कथा

श्रोतेहो, शाळामास्तराला जन्मभर एकच प्रश्न पुनः पुनः ऐकावा लागतो. अखेरच्या इयत्तेतील मुलगा निकाल हाती घेऊन घरी येतो, वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, "मास्तर, आता मी काय करू?" ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी कधी फार वेळ घेतला नाही. मुलाचे गणित, त्याचे हस्ताक्षर, घरची स्थिती व बापाची ऐपत ही चार मापे लावली की उत्तर आपोआप निघत असे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे तुला काय व्हावयाचे आहे, हे मलाही कोणी विचारले नव्हते. मी दिलेली बहुतेक उत्तरे चुकली नसावीत अशी माझी समजूत आहे. परंतु एक उत्तर मात्र अद्याप मनाला बोचत राहिले आहे, आणि आजच्या भाषणाचे मूळ त्यातच आहे.

माझ्या वर्गात एक ख्रिस्ती मुलगा होता. अभ्यासात मध्यम, पण त्याच्या एका हाकेसरशी चाळीतली पन्नास पोरे गोळा होत. त्यांना खेळवावे, गाणी शिकवावी, कोणी वाईट संगतीला लागला तर त्याच्यामागे फिरावे, असा त्याचा उद्योग. आपल्या मंडळीच्या तरुणसंघाचे काम हेच जन्माचे काम करावे, असे त्याच्या मनात होते. मी त्याला म्हटले, "अरे, आधी पोटाची सोय पाहा. देवाचे काम काय, रविवारीही करता येईल." त्याने ऐकले व तो एका कचेरीत चिकटला. पुष्कळ वर्षांनी तो रस्त्यात भेटला, तेव्हा म्हणाला, "मास्तर, तुमचा सल्ला खोटा नव्हता. पण मला हे काम का करावेसे वाटते, ते मात्र तुम्ही विचारले नाही. आमच्यात त्याला पाचारण म्हणतात." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले.

मी त्या धर्माचा नव्हे. तरीही 'पाचारण' ह्या शब्दाने मला पुस्तके चाळावयास लावली. ख्रिस्ती बांधवांच्या मराठीत पाचारण म्हणजे ईश्वराने एखाद्या माणसास विवक्षित कामासाठी नाव घेऊन बोलावणे. आपल्याकडे व्रत आहे, दीक्षा आहे, स्वधर्म आहे. व्रत माणूस आपण होऊन घेतो आणि दीक्षा गुरू देतो. पाचारणात मात्र हाक पलीकडून येते, व माणसाने केवळ 'ओ' द्यावयाची असते. पण ही हाक ऐकू कशी येते? वीज कोसळावी तशी एका क्षणी, की झऱ्याचे पाणी झिरपावे तशी हळूहळू? आणि ती खरोखरीची हाक आहे की आपल्याच मनाचा प्रतिध्वनी, हे कसे ओळखावे? हा शोध घेत असता मला आढळले की, ख्रिस्ती तरुणांच्या एका जगद्व्यापी चळवळीचा प्रवर्तक आपल्या कोल्हापुरातच जन्मला होता. त्याचे नाव रॉबर्ट पार्मेली विल्डर. त्याचीच कथा आज सांगणार आहे.

ह्या कथेचा आरंभ मात्र त्याच्या जन्माच्या सत्तावन वर्षे आधी, समुद्रापलीकडे होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात विल्यम्सटाऊन नावाचे लहानसे गाव आहे व तेथे विल्यम्स कॉलेज आहे. १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात त्या कॉलेजातील पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी गावाबाहेर जमले असता वादळी पाऊस कोसळला, आणि त्यांनी एका गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. तेथे भिजत बसल्या बसल्या, आशिया खंडात जाऊन आपला धर्म सांगावा, ही गोष्ट सॅम्युएल मिल्स नामक विद्यार्थ्याने काढली. ह्या प्रसंगाला त्यांच्या इतिहासात 'गवताच्या गंजीची प्रार्थना' असेच नाव पडले आहे. दोन वर्षांनी, १८०८ मध्ये, त्या तरुणांनी एक गुप्त बंधुमंडळ स्थापिले. सभासदाने परदेशी जाण्याची तयारी ठेवावयाची, असा त्या मंडळाचा नेम होता. १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही मिशनसंस्था उभी राहिली, ती अशा विद्यार्थ्यांच्याच आग्रहातून.

ह्या गंजीचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ मुंबईशी आहे. त्या मंडळीपैकी गॉर्डन हॉल हा तरुण सॅम्युएल नॉट ह्या सहकाऱ्यासह १८१३ मध्ये मुंबईस उतरला. कंपनी सरकारला असले पाहुणे नको होते. त्यांना परत धाडण्याचाही विचार झाला होता. तरी ते टिकले, आणि ज्याला पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले, त्याचा पाया पडला. ह्या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींसाठी शाळा काढली व १८४२ मध्ये अहमदनगरास 'ज्ञानोदय' पत्र सुरू केले, हे आपल्या शिक्षणाचा व वृत्तपत्रांचा इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारला. आणि ज्याने गंजीखाली ती गोष्ट प्रथम काढली, तो मिल्स? तो मिशनरी म्हणून आशियात कधी आलाच नाही. स्वदेशी संस्था उभारण्यात त्याचे आयुष्य गेले व १८१८ मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रावरच त्याचा अंत झाला. ही गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी, कारण तिचे प्रयोजन पुढे पडणार आहे.

त्याच परंपरेतील रॉयल गूल्ड विल्डर हे गृहस्थ १८४६ मध्ये अहमदनगरास आले व १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापुरास आपले ठाणे मांडले. मनुष्य करारी होता. शाळा चालविण्यावर त्यांचा मोठा भर, तर त्यांच्या वरिष्ठांना शाळांवर इतका खर्च नको. मतभेद इतका वाढला की संबंध तुटला. तरीही विल्डर कोल्हापुरास परत आले आणि त्यांनी आपल्या जबाबदारीवर काम चालविले. १८७० मध्ये ते मिशन प्रेसबिटेरियन पंथाच्या संस्थेने आपल्याकडे घेतले. मिरजेच्या प्रसिद्ध रुग्णालयाचे संस्थापक डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये ह्या भागात आले, ते ह्याच मिशनचे डॉक्टर म्हणून. म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातील ज्या हजारो रोग्यांनी पुढे मिरजेची वाट धरली, त्यांचाही ह्या कथेशी दूरचा का होईना संबंध आहे.

अशा घरात १८६१ मध्ये ग्रेस ही मुलगी व २ ऑगस्ट १८६३ रोजी रॉबर्ट हा मुलगा जन्मला. पंचगंगेच्या काठचे हे शहर हेच त्यांचे पहिले जग, आणि मराठी ही लहानपणापासून कानावर पडलेली भाषा. रॉबर्ट बारा वर्षांच्या आसपास असताना वडिलांची प्रकृती खालावली व कुटुंब अमेरिकेस परतले. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन गावी त्यांनी बिऱ्हाड केले. म्हाताऱ्याने तेथेही स्वस्थ न बसता १८७८ मध्ये मिशनकार्यास वाहिलेले एक मासिक काढले. सारांश, ज्या घरात जेवताना, झोपताना व प्रार्थना करताना कोल्हापूर हा शब्द निघावयाचाच, अशा घरात हा मुलगा वाढला. पाचारण आकाशातून एका क्षणी पडते असे मानणाऱ्यांनी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. पुष्कळदा ते आधी घरातल्या बोलण्यातून पाझरत असते.

प्रिन्स्टन कॉलेजात असता, १८८३ मध्ये, रॉबर्टने काही सोबती जमवून एक लहानशी संस्था काढली. परदेशी मिशनरी होण्यास आपण राजी आहोत व तशी आपली इच्छा आहे, अशा आशयाच्या प्रतिज्ञेखाली सभासदाने सही करावयाची. रविवारी दुपारी ही मुले विल्डरांच्या घरी जमत, आणि पलीकडे ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करी. ह्या ग्रेसकडे इतिहासकारांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. ती त्याच वर्षी माऊंट होल्योक ह्या स्त्रियांच्या विद्यालयातून पदवी घेऊन आली होती, आणि तेथील मुलींमध्ये तिने हेच कार्य केलेले होते. हजार तरुण मिळावेत म्हणून बहीणभावंडे मिळून प्रार्थना करीत. पुढे जी चळवळ भावाच्या नावावर मांडली गेली, तिचे अर्धे श्रेय ह्या बहिणीच्या पदरी घालणे न्यायाचे होईल.

आता १८८६ चा जुलै महिना. त्या काळी ड्वाइट मूडी नावाचे धर्मोपदेशक अमेरिकेत व इंग्लंडात गाजत होते. त्यांनी कॉनेटिकट नदीच्या काठी माऊंट हर्मन येथे गरीब मुलांसाठी शाळा काढली होती. तिच्या आवारात निरनिराळ्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांचे सुमारे महिनाभराचे शिबिर भरले. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या विद्यार्थी शाखेचे चिटणीस ल्यूथर विशार्ड ह्यांनी ते जमवून आणले होते. एकंदर २५१ विद्यार्थी आले. कार्यक्रम होता तो बायबलच्या अभ्यासाचा. परदेशी मिशनची गोष्ट मुळात त्यात नव्हतीच. रॉबर्ट विल्डर नुकताच पदवीधर झालेला. विशार्डच्या आग्रहावरून तो आला. निघताना ग्रेसने त्याला सांगितले होते की, ह्या शिबिरात शंभर जण तयार होतील. आरंभी ज्यांचा तसा काही कल होता, ते जेमतेम वीस-एकवीस.

ह्या थोड्यांनी प्रथम आपसात जमून प्रार्थना सुरू केली. मग आर्थर पिअर्सन ह्या धर्मोपदेशकाचे व्याख्यान झाले. त्यानंतर एक विलक्षण सभा झाली; तिला 'दहा राष्ट्रांची सभा' म्हणतात. चीन, इराण आणि भारत येथे काम करणाऱ्या मिशनऱ्यांचे पुत्र, त्याचप्रमाणे जपानी, सयामी, आर्मेनियन आदी विद्यार्थी एकामागून एक उठले, आणि प्रत्येकाने आपापल्या देशाविषयी अवघी दोनतीन मिनिटे भाषण केले. वक्तृत्वाचा थाट नाही, आकड्यांचे डोंगर नाहीत. परंतु सभा संपल्यावर मुले गप्प होऊन रानात निघून गेली, आणि पुढले कित्येक दिवस नदीकाठी, झाडांखाली दोघेदोघे बोलत बसलेले दिसू लागले. शिबिराच्या अखेरीस सह्या मोजल्या तो नव्व्याण्णव भरल्या. निरोपाच्या प्रार्थनेच्या वेळी आणखी एक जण आत आला व शंभर झाले. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट नावाचा एक विद्यार्थी होता. तो पुढे ह्या सर्व चळवळींचा जगन्मान्य पुढारी झाला, आणि १९४६ मध्ये शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला.

शंभर झाले, पण हे लोण सगळ्या कॉलेजांत पोचवावयाचे कोणी? अनेक नावे निघाली, आणि अखेर भार आला तो विल्डरवर व जॉन फोर्मन ह्या दुसऱ्या तरुणावर. फोर्मन हा लाहोरच्या प्रसिद्ध फोर्मन कॉलेजच्या संस्थापकांचा मुलगा. म्हणजे अमेरिकेतील कॉलेजे हिंडावयास निघालेल्या ह्या जोडीपैकी एकाचे घर पंजाबशी जोडलेले व दुसऱ्याचे करवीरक्षेत्राशी!

आता विल्डरच्या जिवाची खरी ओढाताण सुरू झाली. वडील आजारी होते आणि फार दिवस काढतील असे वैद्यांना वाटत नव्हते. मासिकाच्या कामात मुलाची मदत हवी होती. एकुलती एक संधी समोर, आणि अंथरुणाला खिळत चाललेला बाप घरात. रॉबर्टने विचारले, "मी राहू का?" बापाने मुलाला आपल्याजवळ ठेवून घेतले नाही, तू जा, असाच निर्णय दिला. मुलगा गेला. वर्षभरात त्या दोघांनी शेकडो मैलांचा प्रवास करून दीडशेहून अधिक शिक्षणसंस्थांना भेटी दिल्या, आणि दोन हजारांवर तरुणतरुणींनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. १८८७ च्या ऑक्टोबरात वडील वारले. त्यानंतर आई व ग्रेस अमेरिकेत राहिल्या नाहीत. त्या कोल्हापूरकडे परत आल्या. ग्रेसने ह्या भागातील बायाबापड्यांत काम केले आणि १९११ मध्ये ह्याच मुलुखात देह ठेवला. तिची कोठे बिरुदावली नाही, कोठे पुतळा नाही. मात्र कोल्हापुरास परत जाण्याचे पाचारण घरात दोघांनी ऐकले असेल, तर शब्दशः पाळले ते हिने.

१८८८ मध्ये चळवळीला रीतसर रूप आले व 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' असे नाव मिळाले. मॉट अध्यक्ष झाला. आपल्याच पिढीत साऱ्या जगाला ख्रिस्ताचा संदेश ऐकवावयाचा, असे तिचे घोषवाक्य होते. परंतु लवकरच एक अडचण दिसू लागली. सभेच्या भरात सह्या पुष्कळ पडत. घरी गेल्यावर कित्येकांचा उत्साह मावळे. 'इच्छा आहे' असे म्हणणे सोपे. इच्छा कोणाला नसते? म्हणून १८९२ च्या सुमारास प्रतिज्ञेचे शब्द बदलण्यात आले. 'इच्छा' गेली आणि तिच्या जागी 'संकल्प' आला : ईश्वराची आज्ञा असेल तर परदेशी मिशनरी होण्याचा माझा संकल्प आहे, असा नव्या प्रतिज्ञेचा आशय. श्रोतेहो, एका शब्दाचा हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तरुणाच्या मनातील खळबळ आणि पाचारण ह्यांतील भेद त्या माणसांनी चारपाच वर्षांच्या अनुभवाने शिकून घेतला. इच्छा सभेत उत्पन्न होते. संकल्पाला एकांतात जन्म घ्यावा लागतो.

विल्डर धर्मशिक्षण पुरे करून १८९१ मध्ये इंग्लंडला गेला. तेथील विद्यार्थ्यांत त्याने हेच बीज टाकले आणि १८९२ मध्ये ब्रिटनमध्येही तशीच संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी हेलेन ओल्सन ह्या नॉर्वेच्या कन्येशी त्याचा विवाह झाला, आणि ज्या देशासाठी इतरांच्या सह्या घेतल्या, त्या देशाकडे तो सपत्नीक निघाला. त्याची निवड मात्र वडिलांहून निराळी होती. खेडोपाडी न जाता इंग्रजी शिकलेल्या हिंदी विद्यार्थ्यांत त्याने काम धरले. त्यासाठी तो कलकत्त्यास राहिला व पुण्यासही राहिला, आणि १८९९ मध्ये ह्या अनुभवांवर त्याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले.

पुण्याचे ते दशक कसे होते, हे महाराष्ट्रीय वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप येऊन पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे लक्ष्मीबाईंवर काय प्रसंग गुदरला, ते त्यांनीच 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. १८९७ मध्ये प्लेग आणि रँडचा वध. अशा शहरात गोऱ्या उपदेशकाकडे कॉलेजच्या मुलाने संशयाने पाहिले तर त्याला दोष कोण देईल? राज्यकर्त्यांचा वर्ण व उपदेशकाचा वर्ण एकच, एवढे कारणही पुरेसे होते. आणि पाचारणाची एक बाजू अशीही आहे की, एकाला हाक ऐकू येते आणि तिचे मोल दुसऱ्याच कोणाच्या आईला, पत्नीला वा मुलाला द्यावे लागते. मिशनच्या उत्साही ग्रंथांत ह्या बाजूला थोडी पाने मिळतात. म्हणून मी ती येथे मुद्दाम नोंदवितो.

१९०२ मध्ये विल्डरची प्रकृती पार ढासळली आणि त्याला हा देश सोडावा लागला. त्याचे वय तेव्हा अवघे एकोणचाळीस. आता विचार करा. ज्याने लहानपणापासून भारताची हाक ऐकली, जिच्यासाठी आजारी बापाचा निरोप घेतला, हजारोंना ज्या दिशेने पाठविले, त्याच दिशेने त्याचे स्वतःचे शरीर त्याला जाऊ देईना. मग ते पाचारण खोटे होते काय? दुसरा एखादा खचला असता. विल्डर काही काळ पत्नीच्या माहेरी नॉर्वेत राहिला, थोडा सावरला, आणि पुन्हा त्याने एकच काम हाती घेतले : जेथे असू तेथल्या विद्यार्थ्यांजवळ बसावयाचे. युरोपातील विद्यापीठांत, मग कित्येक वर्षे इंग्लंडात, त्यानंतर पुन्हा अमेरिकेत तो हिंडला. बालपण सोडून त्याच्या कार्याचा हिशेब मांडला तर भारतात त्याची जेमतेम दहा वर्षे गेली. विद्यार्थ्यांत मात्र पन्नास. गंजीखालच्या मिल्सचे स्मरण मी ठेवावयास सांगितले होते, ते ह्यासाठी. हाक कामाची असते. गावाचे नाव आपण आपल्या मनाने तिच्यात घालतो. कोल्हापूर हे विल्डरच्या पाचारणाचे निमित्त होते, तरुण मन हे त्याचे क्षेत्र होते. हे उमगण्यास त्याला आजारी पडावे लागले.

ह्या चळवळीचे फळ कोणते? १९४५ पर्यंत तिच्यातून वीस हजारांवर तरुणतरुणी परदेशी गेल्या. त्यांत डॉक्टर होते, शिक्षक होते, शेतीतज्ज्ञही होते. १८९६ मध्ये भारतात आलेला शेरवुड एडी हा त्यांच्यापैकीच. मद्रासकडे त्याची गाठ पडली ती वेदनायकम् सॅम्युएल अझरया ह्या तामिळ तरुणाशी. अझरया १८९५ पासून यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचा चिटणीस होता, म्हणजे तरुणांत हिंडणे हाच त्याचा व्यवसाय. १९०२ मध्ये जाफन्याच्या प्रवासात त्याने पाहिले की, तेथील तामिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने व स्वतःच्या माणसांनी मिशनकार्य चालवितात. ते त्याच्या मनाला लागले. 'परक्यांनी आमच्याकडे यावे आणि आम्ही केवळ घ्यावे काय?' ह्या विचारातून त्याने १९०३ मध्ये तिन्नेवेल्लीस देशी मिशन काढले, आणि १९०५ च्या नाताळात श्रीरामपूर येथे, कलकत्त्याजवळच्या, 'नॅशनल मिशनरी सोसायटी'ची स्थापना झाली. माणसे हिंदी, पैसा हिंदी, कारभार हिंदी असा तिचा बाणा होता. ते साल वंगभंगाचे व स्वदेशीचे होते, हे सांगावयास नकोच.

पुढे १९१० मध्ये एडिंबरोस जागतिक मिशनपरिषद भरली. अध्यक्षस्थानी जॉन मॉट. तेथे ह्याच अझरयाने गोऱ्या मिशनऱ्यांच्या भरसभेत सांगितले की, तुम्ही आम्हांला पुष्कळ दिले, देहही दिलात. आता आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. वरपणा नको, बरोबरी हवी, हा त्याचा अर्थ. सभा काही काळ अस्वस्थ झाली. अझरया १९१२ मध्ये दोर्णकलचा बिशप झाला. अँग्लिकन पंथात त्या पदावर बसलेला तो पहिला भारतीय. त्याचा सहकारी के. टी. पॉल १९१६ मध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचा पहिला भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाला. त्याने खेड्यांच्या पुनर्रचनेस हात घातला व १९३० मध्ये गोलमेज परिषदेसही तो गेला. पाचारण एकदा तरुणांच्या हाती गेले की ते देणाऱ्याच्या मुठीत राहत नाही, ते असे.

आणि ऱ्हासही सांगितला पाहिजे. इतिहास सांगणाऱ्याने अर्धी गोष्ट सांगू नये. एका पिढीत सारे जग, ह्या घोषवाक्यावर जर्मन पंडित वार्नेक ह्यांनी पूर्वीच घाईचा आक्षेप घेतला होता. पहिल्या महायुद्धात तर ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनीच एकमेकांची मुले कापून काढली. मग १९१९ च्या अखेरीस अमेरिकेत डी मॉइन येथे अधिवेशन भरले, तेव्हा हजारो विद्यार्थी जमले खरे, पण त्यांनी वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारले : वर्णभेदाचे काय? युद्धाचे काय? गिरणीतल्या मजुराचे काय? तुमची जुनी वाक्ये आम्हांला पुरत नाहीत. १९२० मध्ये अडीच हजारांवर तरुणांनी प्रतिज्ञा घेतली होती. १९२८ मध्ये तो आकडा अडीचशेच्या घरात आला. विल्डर त्या वर्षांत ह्या चळवळीचा सरचिटणीस होता. ज्या तरुणांना त्याने जन्मभर ऐकविले, त्यांचे ऐकून घेण्याची पाळी आता त्याच्यावर आली. १९२७ मध्ये त्याने ती जागा सोडली, कैरो येथे जाऊन १९३३ पर्यंत तेथील ख्रिस्ती संस्थांच्या परिषदेचे काम केले, आणि १९३८ मध्ये नॉर्वेत त्याचा अंत झाला.

असो. ह्या कथेतून माझ्यासारख्या मास्तराने घ्यावयाचे ते काय? विल्डरची मते सर्वांना पटतील असे नाही. मलाही सगळी पटत नाहीत. परंतु पाचारण कसे ओळखावे, ह्याची तीन लक्षणे मला त्याच्या चरित्रात दिसली. पहिले, ते एकट्याला होत नाही. घर, बहीण, सोबती ह्यांच्या संगतीत ते पिकते. दुसरे, ते इच्छेपाशी थांबत नाही, संकल्पाची किंमत मोजते. तिसरे व सर्वांत कठीण, योजना मोडल्यावरही जे उरते, तेच खरे पाचारण. शरीर थकले, घोषवाक्य जुने झाले, आणि तरीही विल्डर विद्यार्थ्यांजवळून उठला नाही. उरले ते एवढेच. आणि ते पुष्कळ होते.

माझ्या त्या विद्यार्थ्याकडे मी गेल्या वर्षी मुद्दाम गेलो. रविवारची संध्याकाळ होती. तो नोकरीतून मोकळा झाला आहे, केस पिकले आहेत. चाळीच्या मागच्या पटांगणात पंधरावीस मुले त्याच्याभोवती बसली होती, आणि तो एकाची पेटी दुरुस्त करून देत होता. मी म्हटले, "अरे, हे कधीपासून?" तो म्हणाला, "मास्तर, बंद कधी केले होते? तुम्हीच तर रविवारी करावयास सांगितलेत." मला हसावे की काय करावे ते कळेना. आठवड्याचे सहा दिवस मी त्याच्यापासून काढून घेतले होते, आणि सातव्या दिवसावर त्याने चाळीस वर्षे निभावली.

त्या घोळक्यातील एक मुलगा निघताना माझ्यापाशी आला. मी जुना मास्तर आहे असे कोणी त्याला सांगितले असावे. त्याने तोच प्रश्न विचारला, "गुरुजी, पुढे मी काय करू?" ह्या वेळी मी त्याचे गणित विचारले नाही व हस्ताक्षरही पाहिले नाही. मी त्याला पायरीवर शेजारी बसवून घेतले आणि म्हटले, "आधी तू सांग, तुला काय करावेसे वाटते, आणि का वाटते?" तो बराच वेळ बोलत होता. श्रोतेहो, आपल्या घरातील मुलगा वा मुलगी हाच प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभी राहील, तेव्हा उत्तर देण्याची घाई करू नये, एवढेच माझे मागणे आहे.